‘आधी’मधल्या बाई

त्यानं बायकोच्या डोळ्याखाली एक सुरकुती काढली, मागे रेलून पाहिली आणि तिच्या सोबतीला दुसरी काढली. दुसरी जरा ठसठशीत झाली. तो पुन्हा स्क्रीनकडे झुकला आणि तिचं टोक मध्येच विरवून टाकलं. सुरकुत्या शेवटपर्यंत सरळ जात नाहीत, वाटेत त्यांना कंटाळा येतो, हे त्याला अनुभवानं माहीत होतं.

बायको त्याच्या पाठीमागे, जेवणाच्या टेबलावर, भूगोलाचे पेपर तपासत बसली होती. तिच्या खऱ्या डोळ्यांखाली यातलं काहीच नव्हतं.

“काय चाललंय?” तिनं मान वर न करता विचारलं.

“काम.”

“मिळालं?”

“मिळण्यासाठीचं.”

“बरं,” म्हणून तिनं कुणाच्या तरी ज्वालामुखीला अर्धा गुण दिला.

स्टुडिओ बंद पडल्यापासून घरात कामाचे असे दोन प्रकार पडले होते. मिळण्यासाठीचं काम तो सकाळपासून करत असे, रविवारीही करत असे, आणि त्यात त्याला मान वर काढायला फुरसत नसे. मिळालेलं काम अजून कुणी पाहिलं नव्हतं.

तो रिटचर होता. म्हणजे फोटो दुरुस्त करणारा. उमेदीचा सबंध काळ त्यानं एकाच स्टुडिओत घालवला होता. कॅटलॉग, जाहिराती, मासिकांची मुखपृष्ठं, कंपन्यांचे वार्षिक अहवाल, जे म्हणून छापलं जाई आणि ज्यात म्हणून माणसाचं तोंड असे, ते आधी त्याच्या हाताखालून जाई. त्यानं असंख्य हनुवट्या वर उचलल्या होत्या. पोटं आत घेतली होती. एका बँकेच्या अध्यक्षांना त्यानं मान दिली होती, कारण मूळची सापडत नव्हती. आणि या सगळ्यात त्याचा हात कुठेही दिसत नसे. हीच त्या धंद्यातली खरी मेख होती. रिटचिंग चांगलं झालं तर ते झाल्याचं कळत नाही आणि कळलं तर ते चांगलं झालेलं नसतं. आयुष्यभर कुणाला दिसायचं नाही हे शिकण्यात त्याचे केस गेले होते, आणि आता दिसल्याशिवाय काम मिळत नव्हतं.

हे त्याला भाचीनं समजावलं होतं. भाची एका कंपनीत लोकांना ऑनलाइन उभं करण्याचं काम करायची. स्टुडिओ बंद झाल्याचं कळल्यावर ती लॅपटॉप घेऊनच आली.

“मामा, नेटवर तुझं नाव टाकलं तर काय येतं माहितेय? एक दातांचा डॉक्टर येतो आणि एक फरार आरोपी. तू येतच नाहीस.”

“मी हा काय तुझ्यासमोर बसलोय.”

“ते पुरत नाही.”

मग तिनं त्याच्याकडे कामाचे नमुने मागितले. त्यानं तिला हार्ड डिस्कवरचे काही फोटो दाखवले. भाचीनं ते पाहिले आणि नम्रपणे म्हणाली, “छान आहेत. पण यात तू काय केलंस?”

“बाईंना दोन हनुवट्या होत्या.”

“मग दोन हनुवट्यांचा फोटो कुठाय?”

तो कुठे असणार? करारच तसे होते. मूळ फोटो कुणालाही, कधीही, कोणत्याही कारणासाठी दाखवायचा नाही. त्याच्याकडे अख्ख्या कारकिर्दीचे ‘नंतर’ होते. ‘आधी’ एकही नव्हता. आणि भाचीचं म्हणणं असं की ‘आधी’शिवाय ‘नंतर’ला कुत्रं विचारत नाही. तिनं वेबसाइट बनवली ती त्याच हिशेबानं. पहिल्याच पानावर एकाच चेहऱ्याचे दोन फोटो, मधे एक पट्टी. बोटानं पट्टी डावीकडे ढकलली की ‘नंतर’ उघडतो, उजवीकडे ढकलली की ‘आधी’.

“लोकांना सरकवायला आवडतं, मामा. सरकवता सरकवता फोन करतात.”

त्यानं ओळखीच्यांत चेहरे मागून पाहिले. ‘नंतर’साठी सगळे तयार होते. ‘आधी’साठी कुणी मिळेना. त्याचा साडू तर म्हणाला, “माझा टाका की बिनधास्त. फक्त आधीचा जरा बरा घ्या.”

साडूचं टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाचं शोरूम होतं आणि ऑनलाइन जगात त्याचा मोठा दबदबा होता. तो दर आठवड्याला एका वॉशबेसिनवर उभा राहायचा. बेसिन फुटतं का ते पाहायला हजारो लोक जमायचे. बेसिन फुटत नसे, साडू खाली उतरून हसत असे, आणि बेसिनं विकली जात. स्टुडिओ बंद पडल्याचं ऐकून तो लगोलग आला होता.

“साडूभाऊ, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. आपल्या काउंटरला विश्वासाचा माणूस हवाच आहे. घरचा असला तर मलाही डोळे मिटून फिरता येईल. पुढच्या महिन्यापासून या.”

“बघतो,” तो म्हणाला होता.

“बघा, बघा. जागा तुमचीच आहे. फक्त फार बघू नका.”

तेव्हापासून पुढचा महिना आला की तो आणखी एक पुढचा महिना मागून घेई. या खेपेला साडूनं स्पष्टच सांगितलं होतं की आता पहिल्या तारखेला तो नाही तर दुसरा कुणीतरी काउंटरला बसेल. हे त्यानं अगदी प्रेमानं सांगितलं होतं, त्यामुळे त्यावर चिडायचीही सोय नव्हती.

शेवटी त्यानं बायकोला विचारलं, “तुझा एक फोटो वापरू का साइटवर?”

“वापर,” ती म्हणाली. तिला वाटलं, फोटो म्हणजे फोटो.

अडचण एवढीच होती की त्या फोटोत दुरुस्त करण्यासारखं त्याला काही सापडेना. एका मित्राच्या गच्चीवर काढलेला फोटो. ती हसत होती, उजेड बाजूनं येत होता, केस जिथे असायला हवेत तिथे होते. त्यानं तो सकाळभर मोठा करकरून पाहिला आणि मग त्याला तो तोडगा सुचला. रिटचर सोडून कुणाला तो सुचला नसता. हा फोटो ‘नंतर’ म्हणून ठेवायचा आणि ‘आधी’ आपण करायचा.

यात फसवणूक आहे का, याचा त्यानं विचार केला. दोन्ही फोटोंमध्ये जेवढा फरक दिसेल तेवढं काम त्यानं केलेलं असणारच होतं. फक्त दिशा उलटी. तेवढ्यावर त्यानं स्वतःला सोडून दिलं.

काम मात्र त्यानं उरकून टाकलं नाही. बाजारात चेहरा म्हातारा करणारी आयती ॲप्स मिळतात. ती सगळ्यांना सारखंच म्हातारं करतात, पीठ लावल्यासारखं. हा मात्र रोजच्या कामावर असल्यासारखा बसला. चेहऱ्यावरून काय काय काढावं लागतं हे त्याला पाठ होतं, म्हणजे ते कुठे कुठे येणार हेही पाठ होतं. तिच्या गालावर हसताना एक घडी पडते, ती आणखी पंधरा-वीस वर्षांनी हसू संपल्यावरही मोडायची नाही. पेपर तपासताना ती उजवी भुवई उचलते, म्हणजे उजव्या बाजूचं कपाळ डावीच्या आधी थकणार. पापण्या जरा उतरतील. केस पांढरे होतील, पण सगळे एकदम नाही. कानाजवळून सुरुवात होईल. फार दिवसांनी आपण मन लावून काम करतोय हे त्याला जाणवलं, आणि काम अगदी मनासारखं उतरलं.

साइट सुरू झाली. भाचीच्या सांगण्यावरून त्यानं स्वतःचाही फोटो टाकला. तो टाकताना हात कसा चालला हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. एक डाग पुसला, मग डोळ्यांखालचं जरा हलकं केलं, मग गळ्याकडे लक्ष गेलं. जित्याची खोड म्हणा. पूर्ण झाला तेव्हा फोटोत एक पस्तिशीचा उमदा गृहस्थ बसला होता. आपलाच फोटो असल्यामुळे त्याला त्यात वावगं काही दिसलं नाही.

पहिली विचारणा चपलांच्या एका कंपनीकडून आली. व्हिडिओ कॉल ठरला. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला. पलीकडे दोन तरुण मुलं होती.

“नमस्कार काका,” त्यातला एक म्हणाला. “जरा त्यांना बोलावता का?”

“कुणाला?”

“रिटचिंग करतात त्यांना. फोटोत आहेत ते.”

“तो मीच.”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पुढे दहा मिनिटं अत्यंत सभ्यपणे बोलणं झालं, आणि अत्यंत सभ्यपणे झालेल्या बोलण्याचं जे होतं तेच झालं. नंतर फोनवर भाचीनं कपाळाला हात लावल्याचा आवाज आला.

“मामा, फोटो पाहून लोक तुला ओळखायला हवेत. तेवढ्यासाठीच असतो तो.”

तिनं स्वतः येऊन त्याचा फोटो काढला, खिडकीच्या उजेडात, आणि त्याला हात लावू न देता परस्पर चढवला.

त्याच आठवड्यात बायको शाळेतून आली ती पर्स खुर्चीवर ठेवून तिथेच उभी राहिली.

“आमच्या विज्ञानाच्या बाई विचारत होत्या, कुठे केलंस म्हणून.”

“काय?”

“चेहऱ्याचं. डॉक्टरांचा नंबर मागत होत्या. अख्ख्या स्टाफरूमनं तुझी पट्टी सरकवली. आधी अशी, नंतर तशी. गाण्याचे सर म्हणाले, मला वाटायचंच, या वयात इतकं नितळ कसं.”

“तुझा चेहरा खराच आहे,” तो म्हणाला.

“मला माहितेय. पण तू लिहिलंयस की ती तुझी कारागिरी आहे.”

“तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर...”

“तांत्रिकदृष्ट्या राहू दे.” तिनं ग्लासभर पाणी घेतलं आणि सावकाश प्यायली. “गंमत सांगू? स्वतःच्या फोटोतली वर्षं काढलीस आणि ती सगळी माझ्या तोंडावर आणून ठेवलीस. बाहेर टाकायला काही जागा नव्हती का?”

“काढतो मी तो. आत्ता काढतो.”

“काम आलंय त्यावरून?”

“अजून नाही.”

“मग येईपर्यंत असू दे. स्टाफरूमला कळलंय, आता झाकायचं कुणापासून?” असं म्हणून ती आत गेली. त्या दिवशी तिनं पेपर आतल्या खोलीत तपासले.

फोन आला तो चौथ्या शनिवारी. शाळेला सुट्टी होती. ती पुन्हा टेबलाशी बसायला लागली होती. पलीकडून जाहिरात कंपनीतल्या एक बाई बोलत होत्या. आवाज घाईतला, पण माणूस चांगला. एक मोठा ग्राहक आहे, म्हणाल्या, वयस्कर माणसांसाठी घरं बांधतो. बाग, दवाखाना, हाक मारली की नर्स. त्याच्या जाहिरातीसाठी चेहरा शोधतोय.

“आमच्याकडे मॉडेल येतात त्या सगळ्या पांढरा विग घातलेल्या चाळिशीतल्या. आणि खऱ्या आज्या कॅमेरा दिसला की ओठ मिटून बसतात. तुमच्या साइटवर त्या ‘आधी’मधल्या बाई आहेत ना, त्या हव्यात. त्यांचा नंबर मिळेल?”

“त्या... त्या बाई नाहीत,” तो म्हणाला.

पलीकडचा आवाज एकदम हळू झाला. “अरेरे. कधी?”

“नाही, नाही, गेल्या नाहीत. अजून आलेल्या नाहीत.”

मागे पेपर पालटायचा आवाज थांबला. त्यानं सगळं सांगितलं. सांगताना त्याला ते स्वतःलाच जरा विचित्र वाटलं. ऐकून घेऊन बाई म्हणाल्या, “म्हणजे ‘नंतर’चा फोटो खरा. आणि ‘आधी’चा तुम्ही केलाय.”

“हो.”

“म्हणजे तुम्ही साइटवर चक्क थाप मारलीय.”

“फक्त क्रम बदललाय.”

बाई हसल्या, आणि चांगल्या खळखळून हसल्या. मग त्यांचा आवाज कामाला लागला. तसं असेल तर उत्तमच, म्हणाल्या. घरं घेणारे लोक पन्नाशीचे असतात, त्यांना सत्तरीत आपण कसे दिसू ते दाखवायचं आहे, आणि ते बघून घाबरायला तर नको. असं करणारं कुणी त्यांना मिळत नव्हतं. या फोटोपासून सुरुवात करू. हा ग्राहकाला आवडला की पुढे सगळी मालिकाच आहे, निदान वर्षभराचं काम. “फक्त तुमच्या मिसेसना एकदा विचारा. त्यांचं तोंड सगळीकडे लागणार.”

“विचारतो,” तो म्हणाला. फोन ठेवून त्यानं खुर्ची फिरवली. विचारायचं काही बाकी नव्हतं. बायकोनं सगळं ऐकलं होतं.

“वर्षभराचं?” तिनं विचारलं.

“निदान.”

“दाखव.”

“काय?”

“ती बाई. सगळ्यांनी पाहिली. मीच नीट पाहिली नाही.”

त्यानं फोटो स्क्रीनभर मोठा केला. ती त्याच्या खांद्यामागे उभी राहिली. स्टाफरूमच्या फोनवर हाताएवढं दिसलेलं तोंड आता खिडकीएवढं झालं होतं.

“हे काय, गालावरचं?”

“हसण्याचं.”

“आणि हे?”

“पेपर तपासण्याचं. तू भुवई उचलतेस.”

“मी उचलते?” तिनं भुवई उचलली, ते तिच्या लक्षात आलं आणि तिनं ती खाली आणली. मग वाकून आणखी जवळून पाहिलं. “वाईट नाहीये रे. मला उगाच वाटलं, तू काहीतरी भूत करून ठेवलं असशील.”

त्याच्या मनावरचा भार एकदम उतरला. “म्हणजे हो म्हणून कळवू?”

“थांब. ही कुणाकडे बघून हसतेय?”

त्यानं फोटोकडे पाहिलं. ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. तिची नजर डावीकडे, चौकटीच्या कडेला जाऊन थांबली होती, आणि तिथे गच्चीच्या कठड्याशिवाय काही नव्हतं.

“माझ्याकडे,” तो म्हणाला. “मी शेजारी उभा होतो. काहीतरी बोललो असेन. साइटला एकच चेहरा लागतो, म्हणून मी मला काढला.”

“आणि कठडा?”

“भरला. मागचाच पुढे ओढून.”

“काही कळत नाही.”

“कळायला नकोच.”

ती सरळ उभी राहिली. “म्हणजे सत्तरीत मी अशी एकटी कठड्याकडे बघून हसणार.”

“अगं, चित्राच्या दृष्टीनं...”

“हो, चित्राच्या दृष्टीनं छानच आहे. तोंडही माझं आहे, लावू देत सगळीकडे, माझी ना नाही. पण एकटीचा नाही द्यायचा. दोघांचा दे. आणि तुझंही माझ्यासारखंच कर. हात राखून नाही.”

“त्यांना एकटी बाई हवीय.”

“विचार तर.”

त्यानं विचारलं. जाहिरात कंपनीतल्या बाई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, करून पाठवा, वर दाखवते.

तेव्हा त्यानं मूळ फोटो उघडला. गच्चीवर ती होती आणि तिच्या डावीकडे तो होता, तोंड अर्धवट उघडं, काहीतरी सांगण्याच्या मध्यावर. त्यानं तिची पंधरा-वीस वर्षं आणून तिला बसवली, आणि मग स्वतःच्या तोंडाशी आला. तिथे काम अडलं. हात पुढे जाई तो पुसायलाच जाई. एक सुरकुती काढायची म्हणून तो आत शिरे आणि डोळ्याखालचा एक जुना डाग साफ करून बाहेर येई.

बायकोनं टेबलापासची तिची खुर्ची ओढत आणली आणि त्याच्या शेजारी लावून बसली.

“कान,” ती म्हणाली.

“कानांचं काय?”

“मोठे होतात म्हाताऱ्यांचे. तुझ्या बाबांचे झाले होते.”

त्यानं कान मोठे केले.

“आणखी. लाजू नकोस. खांदाही उतरव, हा डावा. आत्ताच उतरलाय, तुला मागून दिसत नाही.”

“केस?”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. “ते विसर.”

दुपार त्यातच गेली. ती सांगत होती आणि तो करत होता. नाकाशेजारची रेघ, गळ्याखालची सैल कातडी. वरचा ओठ आत गेलेला, कारण वरचे दात तू काढून टाकशील, तुला डॉक्टरकडे वेळेवर जायला नको. त्याच्या तोंडाबद्दल एखाद्याला इतकी माहिती असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. मध्येच ती म्हणाली, “डोळे नको उतरवूस. ते तसेच राहतील,” आणि तिनं कारण दिलं नाही.

झाला तेव्हा दोघं तो बघत बसली. दोन म्हातारी माणसं गच्चीवर उभी होती. म्हातारा काहीतरी सांगत होता आणि ते फार काही विनोदी नसावं, पण म्हातारी हसत होती.

“पाठव,” ती म्हणाली.

उत्तर सोमवारी दुपारी आलं. बायको शाळेतून नुकतीच येऊन तपासायचे पेपर लावत होती. त्यानं फोन स्पीकरवर टाकला.

“काय सांगू तुम्हाला, वर सगळ्यांना आवडलाय,” बाई म्हणाल्या. “मोठ्या साहेबांनी तर विचारलं, हे जोडपं राहतं कुठे. काम तुमचंच समजा. एकच बदल आहे. आमची सगळी मांडणी एकट्या बाईंवर उभी आहे. तिथे शेवटी जास्त त्याच राहतात ना, मागे उरलेल्या. तर ते गृहस्थ तेवढे काढून द्या.”

त्यानं फोन जरा जवळ ओढला.

“छानच आहेत हो ते. पण ते असले की नर्सची गरज वाटत नाही. तुमच्यासाठी काय, तुमचं तर तेच काम.”

स्क्रीनवर फोटो उघडाच होता. त्यानं माऊसवर हात ठेवला आणि कर्सर उगाचच कठड्यावरून फिरवून आणला. मागे पेपर लावायचे थांबले होते. साडूच्या शोरूममध्ये दारातून आत आल्यावर डाव्या हाताला काउंटर होतं, त्यामागे उंच स्टूल होतं, आणि पहिली तारीख गुरुवारी होती.

“ते निघणार नाहीत,” तो म्हणाला.

“म्हणजे?”

“निघत नाहीत. मागचं सगळं फाटतं. कठडा, आकाश, सगळंच. मी करून पाहिलं.”

“अहो, पण तुमच्या साइटवर तर बाई एकट्याच आहेत. मी स्वतः पाहिल्यात.”

“साइटवरचा आज उतरवतोय.”

पलीकडे बाईंनी सुस्कारा सोडला. त्या रागावल्या नव्हत्या, तेच अवघड होतं. “घाई करू नका. वर्षभराचं काम आहे. उद्यापर्यंत विचार करा.”

“केला. तुम्ही वर तसंच सांगा, निघत नाहीत म्हणून.”

“सांगते,” बाई म्हणाल्या. “ते काय म्हणतील, ते मला माहितेय. पण सांगते.”

फोन बंद झाला. त्यानं साइट उघडली, पहिल्या पानावरचे दोन्ही फोटो काढले आणि पट्टी सरकवून पाहिली. पट्टी इकडून तिकडे व्यवस्थित सरकत होती.

बायको मागून म्हणाली, “मागचं सगळं फाटतं?”

“हो.”

“खरं सांग.”

“दहा मिनिटांचं काम आहे,” तो म्हणाला.

तिनं राहिलेले पेपर उचलले, लाल पेन उचललं आणि बसायला वळली. टेबलापाशी तिची खुर्ची नव्हती. खुर्ची शनिवारपासून त्याच्या शेजारीच होती. ती पेपर घेऊन तिथे आली, त्याचा कीबोर्ड कोपरानं जरा बाजूला सारला आणि पहिल्या पेपरवर भुवई उचलली.